खेळाडूचं नाव कुणाचं? : व्हिडिओ गेममधल्या लायसन्सच्या भांडणांची गोष्ट

रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमधून एक चक्कर मारून या. एका तरी रूममध्ये एका कॉम्प्युटरभोवती पाच-सहा डोकी जमलेली दिसतील आणि स्क्रीनवर चालू असेल 'क्रिकेट ०७'. ई.ए. स्पोर्ट्स या अमेरिकन कंपनीचा हा गेम २००६ च्या शेवटी आला. कॅनडातल्या एच.बी. स्टुडिओजने तो बनवला. त्यानंतर ई.ए.ने कॉम्प्युटरसाठी असा मोठा क्रिकेट गेम पुन्हा काढलाच नाही. तरीही आपल्यापैकी कित्येकांच्या वयाइतका जुना असलेला हा गेम अजून जिवंत आहे, कारण साध्यातल्या साध्या मशीनवरही तो चालतो आणि दरवर्षी कुणीतरी हौशी पोरगा त्याचा नवा पॅच बनवतो.

पण हाच गेम पॅच न टाकता सुरू करून बघा. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खऱ्या नावानिशी उतरतात. भारताच्या संघात मात्र सगळी नावं अशी वाकडी-तिकडी, की शाळेच्या मस्टरवर नवीन क्लार्कने घाईघाईत लिहिली असावीत! बॅटिंग ओळखीची, उंची ओळखीची, पण नाव भलतंच. आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरला आलेल्या एका पोराने पहिल्यांदा हे पाहिलं आणि तो थेट अहिराणीतच विचारता झाला, "भाऊ, हाऊ सचिन शे का?"

सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. तो सचिन होता की नव्हता? असेल, तर नाव का बदललं? नसेल, तर चौथ्या नंबरवर येऊन स्ट्रेट ड्राइव्ह मारणारा हा बुटका माणूस कोण? या एका प्रश्नावरून जगात कोट्यवधी डॉलरचे खटले झालेले आहेत. त्यातला सगळ्यात मोठा खटला तर तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजच्या पोरांनी लढवला. तीच गोष्ट या लेखात सांगायची आहे.

लायसन्स म्हणजे नक्की काय?

मी इंग्लिश मीडियमचा, त्यामुळे 'लायसन्स' म्हटलं की मला आधी सॉफ्टवेअर आठवतं. मराठीत त्याला 'परवाना' म्हणतात आणि परवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आर.टी.ओ. येतं. पण आपल्या खानदेशात या गोष्टीसाठी एक फार चांगलं उदाहरण आहे, ते म्हणजे शेताची बटाई. शेत मालकाचंच राहतं. दुसरा माणूस ठरलेल्या काळापुरता ते कसतो आणि पिकाचा ठरलेला वाटा मालकाला देतो. कसणारा ते शेत विकू शकत नाही, आणि मुदत संपली की त्याला बाहेर व्हावं लागतं.

लायसन्सचंही तसंच आहे. सचिनचं नाव हे सचिनचं शेत. बॅट बनवणारी कंपनी किंवा गेम बनवणारी कंपनी ते काही वर्षं 'कसते' आणि त्याचा वाटा देते. वाटा दिला नाही तर भांडण. हे उदाहरण काल्पनिक नाही बरं का! २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्पार्टन या क्रीडासाहित्याच्या कंपनीने सचिन तेंडुलकरचं नाव आणि छायाचित्र वापरण्याचा करार केला. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून २०१९ मध्ये सचिनने तिथल्या फेडरल कोर्टात दावा लावला. २०२० मध्ये कंपनीने माफी मागून तडजोड केली.

व्हिडिओ गेममध्ये गंमत अशी की एकाच मॅचमध्ये दहा जणांची शेतं असतात. स्पर्धेचं नाव आणि ट्रॉफी आयोजकांची. जर्सी आणि बोधचिन्ह बोर्डाचं. जर्सीवरचा लोगो स्पॉन्सरचा. बॅटवरचं स्टिकर बॅट कंपनीचं. कॉमेंट्रीचा आवाज कॉमेंटेटरचा. आणि नाव-चेहरा त्या खेळाडूचा. यातला एक जरी अडून बसला तरी गेममध्ये भोक पडतं.

फुटबॉल खेळणाऱ्यांना हे माहीतच असेल. 'प्रो इव्होल्युशन सॉकर'मध्ये लायसन्स नव्हतं म्हणून लिव्हरपूलसारख्या संघाला 'मर्सीसाइड रेड' असं नाव दिलेलं असायचं. फिफा आणि ई.ए. यांचं जवळपास तीस वर्षांचं नातं २०२२ मध्ये तुटलं आणि २०२३ पासून त्याच गेमचं नाव 'ई.ए. स्पोर्ट्स एफ.सी.' झालं. बास्केटबॉलचा देव मायकेल जॉर्डन नव्वदच्या दशकातल्या कित्येक गेममध्ये दिसतच नाही, कारण त्याने आपल्या नावाचे हक्क खेळाडूंच्या संघटनेकडे न देता स्वतःकडे ठेवले होते. इतकंच काय, लेब्रॉन जेम्स वगैरे खेळाडूंच्या अंगावरच्या टॅटूंचे हक्क आमच्याकडे आहेत, असं म्हणत एका कंपनीने २०१६ मध्ये 'एन.बी.ए. टू-के' गेमच्या निर्मात्यांवर केस केली! २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने ती फेटाळली. टॅटू माणसाच्या अंगाबरोबर येतो, त्याला वेगळा करता येत नाही, असा साधारण मुद्दा होता. टॅटू काढायला निघालेल्यांनी नोंद घ्यावी!

कॉलेजच्या पोरांचा खटला

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्यासारखे 'इंटर-कॉलेजला अठरा प्रेक्षक, त्यात बारा राखीव खेळाडू' असा प्रकार नाही. तिथे कॉलेज फुटबॉलच्या मॅचला लाखभर लोक येतात आणि टी.व्ही.चे हक्क अब्जावधींना विकले जातात. हा सगळा कारभार एन.सी.ए.ए. नावाची संस्था बघते. तिचा कित्येक दशकांचा नियम असा होता की विद्यार्थी-खेळाडू हा 'हौशी' आहे, म्हणून त्याला स्कॉलरशिपपलीकडे खेळाचा पैसा घेता येणार नाही. पैसा घेतला, तर संघाबाहेर.

संस्थेला आणि कॉलेजांना मात्र पैसा घ्यायला कुणाची बंदी नव्हती. त्यांनी कॉलेजांची नावं, जर्सी, स्टेडियम यांचं लायसन्स ई.ए.ला दिलं. ई.ए. दरवर्षी कॉलेज फुटबॉलचा गेम काढायची. खेळाडूला पैसे देता येत नाहीत, म्हणून त्याचं नाव वापरता येत नाही. मग गेममध्ये खेळाडूच्या नावाऐवजी फक्त त्याची जागा आणि नंबर.

वरवर बघता प्रकरण मिटलं. पण कोर्टात पुढे काय आलं बघा. ई.ए. प्रत्येक संघाच्या साहित्य सांभाळणाऱ्या मॅनेजरला लांबलचक प्रश्नावली पाठवायची आणि त्यावरून गेममधला खेळाडू बनवायची. नंबर तोच, उंची-वजन तेच, त्वचेचा रंग तोच, राज्य तेच, हेल्मेट घालायची पद्धतसुद्धा तीच. फक्त नाव गाळलेलं आणि गाव बदललेलं. आणि गेममध्ये सोय अशी, की इतर खेळणाऱ्यांनी तयार केलेली खऱ्या नावांची यादी डाउनलोड करून टाकायची. म्हणजे आपला 'पॅच'च की! दार कंपनीने उघडं ठेवायचं आणि आत शिरायचं गिऱ्हाइकाने.

एड ओ'बॅनन हा यू.सी.एल.ए. विद्यापीठाचा जुना बास्केटबॉल खेळाडू. १९९५ मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. पुढे तो मोटारी विकण्याच्या व्यवसायात गेला. एका मित्राच्या घरी मित्राच्या मुलाने त्याला गेम दाखवला. त्यात १९९५ चा तोच संघ होता. नंबर ३१ चा, डावखुरा, टक्कल केलेला खेळाडू कोर्टवर धावत होता. नाव नव्हतं, पण तो कोण हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि त्याबद्दल ओ'बॅननला एक पैसाही मिळाला नव्हता.

२००९ मध्ये ओ'बॅननने आणि सॅम केलर या फुटबॉल क्वार्टरबॅकने वेगवेगळे दावे लावले. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या रटगर्सचा जुना क्वार्टरबॅक रायन हार्ट यानेही ई.ए.वर दावा केला.

ई.ए.चा बचाव असा : गेम ही कलाकृती आहे, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेने कलेला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. यावर कोर्टाने जी कसोटी लावली ती आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी समजून घेण्यासारखी आहे. प्रश्न असा विचारायचा, की कलाकाराने त्या माणसाचं 'रूपांतर' करून काही नवं केलं का? समजा एखाद्या व्यंगचित्रकाराने पुढाऱ्याला सर्कशीतला विदूषक म्हणून काढलं, तर तो पुढारी फक्त कच्चा माल झाला, चित्र नवं झालं. पण त्याच पुढाऱ्याच्या फोटोची झेरॉक्स काढून विकली, तर नवं काय? गेममध्ये कॉलेजचा फुटबॉल खेळाडू कॉलेजच्याच मैदानावर, त्याच जर्सीत, फुटबॉलच खेळत होता. म्हणजे झेरॉक्स. २०१३ मध्ये मे महिन्यात हार्टच्या आणि जुलैमध्ये केलरच्या प्रकरणात अपील कोर्टांनी ई.ए.चा बचाव नाकारला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ई.ए.ने जाहीर केलं, की पुढचा कॉलेज फुटबॉल गेम निघणार नाही. 'एन.सी.ए.ए. फुटबॉल १४' हा शेवटचा ठरला. ई.ए. आणि लायसन्स देणाऱ्या कंपनीने मिळून ४ कोटी डॉलर आणि एन.सी.ए.ए.ने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हजारो माजी खेळाडूंना त्यातला वाटा मिळाला. २०१४ मध्ये ओ'बॅननच्या खटल्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी एन.सी.ए.ए.चा नियम स्पर्धाविरोधी ठरवला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अल्स्टन नावाच्या दुसऱ्या खटल्यात एन.सी.ए.ए.विरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून विद्यार्थी-खेळाडूंना आपलं नाव, प्रतिमा आणि चेहरा यांवर पैसे कमवायची मुभा मिळाली.

मग अकरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, गेम परत आला : 'कॉलेज फुटबॉल २५'. या वेळी ई.ए.ने प्रत्येक खेळाडूला विचारलं. हो म्हणणाऱ्याला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. दहा हजारांहून जास्त पोरांनी होकार दिला. ज्याचा होकार नाही, त्याच्या जागी काल्पनिक खेळाडू. २०२५ मध्ये आणखी एक तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली.

६०० डॉलर जास्त की कमी, यावर तिथेही वाद झाला. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या दहा हजार पोरांना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, "तुझं नाव वापरू का?"

आपल्याकडची लढाई : २००२

आपल्याकडे कॉलेजच्या खेळाडूंवर अजून कुणी व्हिडिओ गेम काढलेला नाही. पण 'खेळाडूचं नाव कोण विकणार' हे भांडण आपल्याकडे अमेरिकेतल्या त्या खटल्यांच्या सात वर्षं आधीच पेटलं होतं.

त्याची पार्श्वभूमी अशी. १९९५ मध्ये मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेल कंपनीने सचिनबरोबर पाच वर्षांचा करार केला, साधारण तीस कोटींच्या आसपास. तोपर्यंत क्रिकेटपटूचं नाव हे इतकं मोठं शेत असू शकतं, असं आपल्याकडे कुणाला वाटलं नव्हतं.

इकडे आय.सी.सी.ने २००७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांचे हक्क ५५ कोटी डॉलरला एका कंपनीला विकले. त्यात स्पॉन्सरना दिलेलं वचन असं होतं, की स्पर्धेच्या काळात खेळाडू तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात करणार नाहीत. सप्टेंबर २००२ ची श्रीलंकेतली चॅम्पियन्स ट्रॉफी आली आणि भारतीय खेळाडूंपुढे करार ठेवले गेले. स्पर्धेच्या आधी तीस दिवस आणि नंतर तीस दिवस प्रतिस्पर्धी कंपनीची जाहिरात बंद. शिवाय स्पर्धेनंतरही काही महिने स्पॉन्सर खेळाडूंचे फोटो वापरणार.

आता बघा, हीरो होंडा आय.सी.सी.ची अधिकृत भागीदार आणि सचिन टी.व्ही.एस. व्हिक्टरच्या जाहिरातीत! एल.जी. अधिकृत, आणि आपले अर्धे खेळाडू सॅमसंगकडे! सचिन, गांगुली, द्रविड, कुंबळे या सगळ्यांनी सह्या करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आमचे करार आधीचे आहेत, आणि आमचा चेहरा तुम्ही आम्हाला न विचारता कसा विकला? एक वेळ अशी आली, की दुय्यम संघ पाठवायची चर्चा सुरू झाली. शेवटी काही अटी सैल झाल्या, मुख्य संघ कोलंबोला गेला, आणि पावसात वाहून गेलेल्या फायनलनंतर श्रीलंकेबरोबर संयुक्त विजेता होऊन परत आला. २००३ च्या वर्ल्डकपआधी हेच नाटक पुन्हा रंगलं.

म्हणजे मूळ मुद्दा दोन्हीकडे एकच. एन.सी.ए.ए. असो की आय.सी.सी., मोठ्या संस्थेने जी वस्तू विकली त्यातली काही वस्तू तिची नव्हतीच. दुसऱ्याच्या शेताची बटाई आपण परस्पर ठरवायची, असा तो प्रकार.

आपली कोर्टं काय म्हणतात?

भारतात 'व्यक्तिमत्त्व हक्क' असा वेगळा कायदा नाही. घटनेच्या कलम २१ मधला खासगीपणाचा हक्क (जो २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने पक्का झाला), कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचे कायदे, आणि कोर्टांचे जुने निकाल यांच्या विटा रचून ही भिंत उभी आहे.

यातली एक महत्त्वाची वीट २००३ ची. वर्ल्डकपच्या वेळी फिलिप्सच्या एका विक्रेत्याने 'म्युझिक सिस्टिम घ्या, वर्ल्डकपचं तिकीट जिंका' अशी योजना काढली. आय.सी.सी.ची कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि म्हणाली, आमच्या स्पर्धेच्या प्रसिद्धीवर आमचा हक्क आहे. कोर्टाने सांगितलं की असा प्रसिद्धीचा हक्क फक्त जिवंत माणसाला असतो. त्याच्या नावात, सहीत, आवाजात, स्वभावात तो असतो. स्पर्धेला किंवा ती भरवणाऱ्या संस्थेला तो नसतो. २००२ मध्ये खेळाडू जे भांडून सांगत होते, तेच इथे एका म्युझिक सिस्टिमच्या निमित्ताने कागदावर आलं.

आता दुसरी बाजू. खेळाडूचा हक्क किती लांब जातो? २००७ मध्ये अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने बेसबॉलच्या फँटसी गेमबद्दल निकाल दिला, की खेळाडूंची नावं आणि त्यांचे आकडे हे रोज पेपरात छापले जातात. ती सार्वजनिक माहिती आहे, त्यासाठी लायसन्स लागत नाही.

हाच प्रश्न २०२३ मध्ये आपल्याकडे आला. रारिओ नावाच्या कंपनीने क्रिकेटपटूंचे डिजिटल कार्ड विकण्यासाठी अनेक खेळाडूंशी खास करार केले होते. मग एम.पी.एल.शी संबंधित 'स्ट्रायकर' या ॲपने लायसन्स न घेता, खेळाडूंची काढलेली चित्रं, नावं आणि आकडे वापरून तशीच कार्डं आणली. रारिओबरोबर मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग, हर्षल पटेल, उमरान मलिक आणि शिवम मावी हेही दिल्ली हायकोर्टात वादी म्हणून गेले. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. सर्वांसाठी उपलब्ध असलेल्या माहितीवर कुणाची मक्तेदारी असू शकत नाही, आणि व्यंग, कला, बातमी, अभ्यास यांसाठी प्रसिद्ध माणसाचं नाव वापरायला जागा असली पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं. हा अंतरिम आदेश होता, अंतिम निकाल नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

मग केलर जिंकला आणि सिराज हरला, असं का? मला कळलेला फरक असा. आकडे स्कोअरबोर्डवर असतात आणि स्कोअरबोर्ड सगळ्यांचा. पण स्क्रीनवर धावणारं, घाम पुसणारं, डाव्या हाताने खेळणारं हुबेहूब शरीर हे स्कोअरबोर्ड नव्हे. जर्मनीत गोलकीपर ऑलिव्हर कान यानेही २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टात ई.ए.विरुद्ध याच मुद्द्यावर केस जिंकली होती. या दोन टोकांच्या मधली जागा (काढलेलं चित्र, वाकडं केलेलं नाव, ओळखू येईल असा नंबर) अजून धूसर आहे आणि पुढची भांडणं तिथेच होणार.

महाराष्ट्रातले गेम बनवणारे

हे सगळं फक्त अमेरिकेत चालतं असं समजू नका. पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये 'सचिन सागा' हा मोबाइल गेम काढला, खुद्द सचिनच्या लायसन्ससह. २०२१ मध्ये सचिनने त्याच कंपनीत पैसेही गुंतवले. नॉटिलस मोबाइलचा 'रिअल क्रिकेट' तर निम्म्या हॉस्टेलच्या फोनमध्ये आहे. या कंपनीने अलीकडे विनर्स अलायन्स या संस्थेमार्फत अडीचशेहून जास्त आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या नावांचं लायसन्स घेतलं. २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने कंपनीची सूत्रं हाती घेतली.

इथे एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. बहुतेक देशांत क्रिकेटपटूंची संघटना असते, त्यामुळे गेम कंपनी एका ऑफिसात जाऊन शंभर खेळाडूंचं लायसन्स एकदम आणू शकते. आपल्याकडे २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आहे, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची तशी संघटना नाही. म्हणजे प्रत्येकाच्या एजंटचं दार वेगळं, आणि बोर्डाचं दार वेगळं. जगातला सगळ्यात जास्त क्रिकेट बघणारा देश आपला, आणि गेममध्ये नावं वाकडी होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आपल्याच संघाची! माझ्या मते यात कुणी खलनायक नाही. एकत्र बसून सह्या करायला टेबलच नाही, इतकंच.

आता आपल्या कॉलेजकडे

"हे सगळं ठीक आहे, पण आमचा काय संबंध?" असं विचाराल तर सांगतो. पूर्वी गेममध्ये चेहरा घालायला मोठा स्टुडिओ लागायचा. आता चार फोटो आणि एक मोबाइल पुरतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरली, तेव्हा त्याला स्वतः पुढे येऊन "हा मी नाही" असं सांगावं लागलं. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने सांगितलं, की कलाकाराच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल परवानगीशिवाय वापरता येणार नाही. मोठ्या माणसांकडे वकील असतात. आपल्याकडे कोण आहे?

आमच्या ग्रुपने या वर्षी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेल लीगचा क्रिकेट गेम करायचं ठरवलं. पोरांचे खरे चेहरे, खरी नावं, खरी बॅटिंग स्टाइल. पहिल्याच मीटिंगला वाद झाला. एक म्हणाला, "अरे आपलीच पोरं आहेत, विचारायचं काय त्यात?" दुसरा म्हणाला, "विचारायचं, म्हणूनच तर आपली आहेत." शेवटी आम्ही एक साधा कागद केला आणि रूम-रूम फिरलो. बावीस जणांपैकी एकोणीस जणांनी हसत सही केली. दोघांनी 'नाव टाका, फोटो नको' असं लिहिलं. आणि एकाने सरळ नाही म्हटलं. घरी तो लीग खेळतो हे सांगितलेलं नव्हतं! न विचारता त्याला गेममध्ये टाकलं असतं, तर आमच्यासाठी तो प्रोजेक्टमधला एक नंबर होता, त्याच्यासाठी मात्र वडिलांचा फोन होता.

तेव्हा प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी, आणि आमच्या गाइड सर-मॅडमसाठीही, चार गोष्टी लिहून ठेवतो :

१. आकडे वापरायला हरकत नाही, चेहरा वापरायचा तर विचारा. धावा-विकेट नोटीस बोर्डावर लागतात, चेहरा लागत नाही.

२. परवानगी लेखी घ्या आणि कशासाठी ते लिहा. 'प्रोजेक्ट'साठी दिलेला फोटो उद्या प्ले स्टोअरवर टाकायचा असेल, तर पुन्हा विचारा. बटाई एका हंगामाची असते, कायमची नव्हे.

३. नाव गाळलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. नंबर ३१, डावखुरा, टक्कल... नाव न घेताही ओ'बॅनन ओळखला गेला. ओळखू येतोय, तर तो तोच आहे.

४. नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू द्या, त्याला कारण विचारू नका. त्याच्या जागी काल्पनिक खेळाडू टाका. आम्ही टाकला आहे. त्याची सरासरी सगळ्यात चांगली आहे!

फर्स्ट इयरच्या त्या पोराला मात्र उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते इथे देतो. भाऊ, तो सचिन होता. सगळ्या जगाला माहीत होतं की तो सचिन आहे. फक्त सचिनला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव वाकडं लिहिलं होतं. पुढच्या गेममध्ये कदाचित तुझं नाव असेल. ते सरळ लिहिलं जायला हवं, आणि त्याआधी कुणीतरी तुझ्या रूमचं दार वाजवायला हवं.